दप्तराला कुलूप, खिडकी मात्र उघडी



गेल्या हंगामात खोडव्याच्या तोडी जोरात होत्या, त्या सुमाराची गोष्ट. आपल्या एका सभासदाचा मुलगा संध्याकाळी ओसरीवर बसून मोबाईलवर वडिलांचे ऊस बिल पाहत होता. कारखान्याच्या संकेतस्थळावर सभासद क्रमांक आणि परवलीचा शब्द टाकला की बिल दिसते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. बिल उघडल्यावर वरच्या पट्टीत जो लांबलचक पत्ता येतो, त्याच्या शेवटी वडिलांचा सभासद क्रमांक होता. पोराचे बोट चुकून लागले म्हणा, की बघू तरी काय होतंय म्हणून म्हणा, त्यातला एक आकडा बदलला गेला. आणि पडद्यावर दुसऱ्याच गावच्या सभासदाचे बिल उभे राहिले! नाव, गट नंबर, टनेज, सोसायटीची कपात, हाती आलेली रक्कम, बँकेचा खाते क्रमांक, सगळे. ‘तू कोण?’ असे कुणी विचारले नाही.

पोरगा घाबरला आणि त्याने वडिलांना सांगितले. दुसऱ्या दिवशी वडील सकाळच्या चहाआधी गट कार्यालयात हजर. तिथे त्यांना काय ऐकावे लागले? एक जण म्हणाला, “पोरानं हॅकिंग केलंय, पोलिसांत द्यायला पायजे.” दुसरा म्हणाला, “जाऊ द्या हो, कोण बघतंय आपली बिलं?” संकेतस्थळ सांभाळणाऱ्या ठेकेदाराला फोन गेला, आणि दहा दिवसांनी दुरुस्ती झाली. मधले दहा दिवस ती खिडकी तशीच सताड उघडी होती.

हे छापावे की नाही, यावर आम्हा संपादक मंडळींत बरीच भवति न भवति झाली. कारखान्याची उणी बाजू आपल्याच वार्तापत्रात कशाला, असेही मत पडले. पण दुरुस्ती झालेली आहे, आणि घरातली गोष्ट घरच्यांनाच सांगायची नाही तर कुणाला सांगायची? म्हणून आम्ही हा विषय आज सभासदांपुढे ठेवीत आहोत.

हा रोग आपल्यापुरता नाही

आपल्याकडे घडले तेच अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे. फर्स्ट अमेरिकन नावाची तिथली एक मोठी कंपनी घरे-जमिनींच्या मालकीहक्काचा विमा उतरवते. तिच्या संकेतस्थळावर पत्त्यातला एक आकडा बदलला की दुसऱ्याचे कागद उघडत. मे २०१९ मध्ये ही गोष्ट बाहेर आली, तेव्हा २००३ सालापर्यंत मागे जाणारी सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रे अशी उघड्यावर असल्याचे दिसले. त्यांत बँकेचे खाते क्रमांक होते, कराचे कागद होते, ओळखपत्रांच्या प्रती होत्या.

यातली आम्हांस सर्वांत खटकलेली बाब वेगळीच आहे. कंपनीच्याच सुरक्षा विभागातील माणसांना हे भगदाड जानेवारी २०१९ मध्येच सापडले होते. पण ते वेळेवर बुजवले गेले नाही, आणि वरच्या अधिकाऱ्यांच्या कानांपर्यंत ती गोष्ट गेलीच नाही. तिथल्या रोखे बाजाराच्या नियामकाने २०२१ मध्ये याच कारणासाठी कंपनीला दंड केला. विहिरीचे कठडे ढासळले आहेत हे सालगड्याला माहीत, मालकाला पत्ता नाही, अशातली गत.

मोळी बांधलेली ठेवून तपासणी

आता दुसरे उदाहरण. ते थोडे बारकाईने समजून घ्यावे लागेल, पण उसाच्या माणसाला ते अवघड जाऊ नये.

संकेतस्थळ ज्या यंत्रावर ठेवलेले असते त्यावर एक कारकुनासारखा प्रोग्राम चालतो. त्याला वेब सर्व्हर म्हणतात. जगभरातून कोणी चिठ्ठी पाठवली की ‘अमुक कागद द्या’, की हा कारकून कपाटातून तो कागद काढून देतो. त्याला एक कपाट नेमून दिलेले असते. त्याच खोलीत इतर कपाटेही असतात, त्यांत परवलीचे शब्द, यंत्राच्या आतल्या नोंदी, हिशेब. त्यांना हात लावायचा नाही, अशी ताकीद असते.

संगणकाच्या भाषेत लागोपाठ दोन टिंबे दिली की त्याचा अर्थ ‘एक पायरी मागे जा’ असा होतो. कोणी चिठ्ठीत दोन टिंबे, पुन्हा दोन टिंबे, असे लिहीत गेला तर कारकून नेमल्या कपाटातून मागे मागे येत शेवटी दुसऱ्याच कपाटापाशी पोचेल. म्हणून प्रत्येक चांगला सर्व्हर चिठ्ठी आधी तपासतो आणि अशी टिंबे दिसली की चिठ्ठी परत करतो.

अपाचे नावाचा वेब सर्व्हर जगात फार मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. त्याची २.४.४९ ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली. तीत चिठ्ठी तपासण्याची पद्धत बदललेली होती, आणि त्या बदलात एक चूक राहिली. दोन टिंबांपैकी दुसरे टिंब कोणी सरळ न लिहिता सांकेतिक खुणेने लिहिले, म्हणजे टक्क्याचे चिन्ह, त्यापुढे दोनचा आकडा आणि इंग्रजी ई, तर तपासणाऱ्याला ते टिंब वाटतच नसे. तो चिठ्ठी पुढे सोडी. पुढे गेल्यावर त्या खुणेचा उलगडा होई, टिंब पुन्हा टिंब होई, आणि कारकून मुकाट्याने मागे चालू लागे.

आपल्या गव्हाणीशी ताडून पाहा. मोळी बांधलेलीच ठेवून वरवर पाहिली आणि ‘ऊस स्वच्छ’ असा शेरा मारला. गव्हाणीत मोळी सुटल्यावर आतून पाचट आणि वाढे निघाले. तपासणारा कामचुकार होता असे नव्हे, त्याने तपासणी केलीच होती. पण आधी मोळी सोडायची आणि मग तपासायचे, हा क्रम चुकला होता.

ही चूक २९ सप्टेंबर २०२१ रोजी अपाचेच्या मंडळींना कळवण्यात आली. ४ ऑक्टोबरला त्यांनी दुरुस्त आवृत्ती काढली, २.४.५०. पण तोवर चोरांनी तिचा वापर सुरू केलेला होता. शिवाय दुरुस्तीही अपुरी ठरली. कोणी त्या सांकेतिक खुणेलाच पुन्हा सांकेतिक रूप दिले, म्हणजे मोळीच्या आत आणखी एक मोळी बांधली, तर बाहेरची सुटे पण आतली तशीच राही. मग ७ ऑक्टोबरला २.४.५१ ही आवृत्ती काढावी लागली. काही सर्व्हरवर बाहेरच्या माणसाच्या सांगण्यावरून आतले प्रोग्राम चालवण्याची सोय सुरू ठेवलेली असते. तिथे तर चोर कागद वाचून थांबत नसे, यंत्रावर स्वतःचे हुकूम चालवू शके.

दुसरे कुलूप

या गोष्टीत एक मोठा धडा आहे, आणि तो संगणकवाल्यांपुरता नाही. सदोष आवृत्ती असूनही अनेक ठिकाणचे कागद बाहेर गेले नाहीत. कारण तिथे एक दुसरे कुलूप होते. अपाचेच्या मूळ मांडणीतच एक ओळ असते, तिचा अर्थ असा की ‘सर्वांना सगळीकडे मज्जाव, आणि मग जे उघडायचे तेवढेच नाव घेऊन उघडा’. ज्यांनी ती ओळ जागेवर ठेवली, त्यांचा कारकून चुकीच्या कपाटापाशी पोचला तरी ते कपाट त्याला उघडता आले नाही. ज्यांनी ‘अडचण होते’ म्हणून ती ओळ काढली किंवा सैल केली, त्यांचे दप्तर उघडे पडले.

सोयीसाठी काढलेली कडी शेवटी महागात पडते. गोदामाला फाटकावर पहारेकरी असतो म्हणून आपण गोदामाच्या दाराचे कुलूप काढून ठेवतो का? नाही. माणूस चुकेल, प्रोग्रामही चुकेल, हे धरूनच दुसरे कुलूप लावायचे असते.

इथे कोणी म्हणेल, “नवी आवृत्ती घेतली त्यांनाच त्रास झाला ना? जुन्यावालेच सुखी!” बोलणे वरकरणी खरे आहे. ती विशिष्ट चूक २.४.४९ च्या आधीच्या आवृत्त्यांत नव्हती. पण त्या आधीच्या आवृत्त्यांत दुसरे एक गंभीर भगदाड होते, आणि ते बुजवण्याचे काम याच २.४.४९ ने केले होते. तेव्हा जुन्यावर बसून राहणारा सुखी नव्हता, त्याच्या घराला भोक दुसऱ्या भिंतीला होते इतकेच. नवे बेणे आणले म्हणून शेतात फेरी मारायचे कोणी थांबत नाही, आणि फेरीत कीड दिसली म्हणून पुन्हा जुन्या रोगट बेण्याकडेही कोणी वळत नाही. नवे घ्यायचे आणि नजरही ठेवायची, दोन्ही करावे लागते.

अपाचेविषयी एक गोष्ट सहकारातल्या माणसाला ऐकायला बरी वाटेल. हा सर्व्हर कुणा एका भांडवलदाराचा नाही. १९९५ साली आठ जणांनी एकत्र येऊन, आपापल्याकडच्या दुरुस्त्या एकत्र करून तो उभा केला, आणि आजही तो सर्वांना मोफत मिळतो. म्हणजे तोही एका अर्थी सहकारच. चूक निघाल्यावर त्यांनी काय केले हेही पाहावे. चूक कोणती, कोणत्या आवृत्तीत, कोणी दाखवून दिली, हे सारे त्यांनी जाहीर केले आणि दाखवून देणाऱ्यांचे नाव घेऊन श्रेय दिले. पहिली दुरुस्ती अपुरी होती हेही लपवले नाही. आम्हांस त्यांच्याकडून घ्यायचे आहे ते हे.

“आपल्याकडे कोण येतंय?”

गट कार्यालयातल्या त्या दुसऱ्या गृहस्थांच्या बोलण्याकडे वळू. “कोण बघतंय आपली बिलं?”

चोर आपले नाव वाचून येत नाही. तो एक प्रोग्राम सोडतो आणि तो प्रोग्राम रात्रंदिवस एकामागून एक दारे ढकलून पाहत फिरतो. दार बँकेचे, दवाखान्याचे की साखर कारखान्याचे, त्याला देणेघेणे नाही. जे उघडते त्यात शिरतो. मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्येही अशाच मागे-जाण्याच्या युक्तीचे भगदाड होते. त्याची जाहीर सूचना ऑक्टोबर २००० मध्ये निघाली, औषधही तेव्हाच मिळत होते. तरी पुढे जवळजवळ वर्षाने, १८ सप्टेंबर २००१ रोजी, निमडा नावाची कीड सुटली. तिच्या शिरण्याच्या अनेक वाटांपैकी एक वाट हीच होती. ज्यांनी औषध मारलेच नव्हते त्यांच्याकडे ती शिरली. त्यानंतर वीस वर्षांनी अपाचेत त्याच जातीचा रोग दिसला. म्हणजे रोग जुना, माणसाची ढिलाईही जुनीच.

आणि सहकारी संस्थांकडे चोर वळत नाहीत, हा समज तर मनातून काढूनच टाकावा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये काही दिवसांत पळवले गेले. तिथला मार्ग वेगळा होता, एटीएमचे व्यवहार पाहणाऱ्या यंत्रणेत शिरकाव करून ते केले गेले. पण १९०६ साली स्थापन झालेली, मोठी, जाणती सहकारी बँक जिथे सापडते, तिथे आपण ‘आडवळणाला आहोत’ म्हणून निर्धास्त राहणे बरे नव्हे.

“सभासदांचाच कारखाना, मग लपवायचं काय?”

हा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे, कारण तो प्रामाणिक मनातून येतो. आपल्या सहकारी चळवळीची शिकवणच अशी, की हिशेब उघडा असावा. सभासदाला कारखान्याचा ताळेबंद पाहता यावा. मग एका सभासदाचे बिल दुसऱ्याने पाहिले तर बिघडले कुठे?

याचे उत्तर आम्हांस १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातच सापडते. त्यातील कलम ३२ नुसार सभासदाला उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्ते, हे सारे विनामूल्य पाहण्याचा हक्क आहे. आणि त्याच कलमात पुढे म्हटले आहे, की संस्थेच्या दप्तराचा जो भाग सभासदाच्या स्वतःच्या व्यवहारांचा आहे, तो त्याला पाहता येईल. शब्द ध्यानात घ्यावेत: स्वतःच्या व्यवहारांचा. संगणक गावात पोचण्याच्या कितीतरी आधी कायदा करणाऱ्यांनी ही रेघ ओढून ठेवली आहे. संस्थेचा हिशेब सर्वांचा, सभासदाचा व्यवहार त्याचा एकट्याचा.

आणि व्यवहारात काय होते, हे का आम्ही सांगायला हवे? कुणाच्या बिलातून सोसायटीची किती वसुली झाली, हाती किती उरले, हे गावात कळले तर मुलीच्या सोयरिकीत त्याची चर्चा होते. भावकीच्या वाटणीच्या वादात ते कागद पुढे येतात. विधवा बहिणीच्या खात्यावर किती जमा झाले हे ज्याला कळू नये त्यालाच आधी कळते. बिल जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी “मी बँकेतून बोलतोय, तुमचं उसाचं अमुक इतकं पेमेंट अडकलंय, नंबर सांगा” असा फोन आला, आणि समोरच्याने टनेजसकट रक्कम बरोबर सांगितली, तर आपल्यातले किती जण फसणार नाहीत? आम्ही स्वतः छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

कायदाही आता पुढे गेला आहे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. लोकांची माहिती सांभाळण्यात वाजवी खबरदारी न घेणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. शिवाय केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार, संगणक यंत्रणेत असा अनधिकृत शिरकाव झाल्याचे ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत त्यांना कळवावे लागते. आपल्याकडे दुरुस्तीलाच दहा दिवस लागले!

आमचे म्हणणे

दोष एकट्या ठेकेदाराचा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. वजनकाट्याची तपासणी झाल्याशिवाय हंगाम सुरू होत नाही, बॉयलरला दाखला लागतो. पण संकेतस्थळाला कसलाही दाखला आपण कधी मागितला नाही. आपण सभेत साखर उताऱ्यावर तासभर बोलतो, सवलतीच्या साखरेवर दोन तास बोलतो. दप्तर कुठे ठेवले आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे कुणीच विचारलेले नाही. आम्हीही नाही.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पुढील गोष्टी मांडाव्यात, असे आमचे मत आहे.

एक, हंगामाआधी वजनकाटा तपासतात तशी संकेतस्थळाची त्रयस्थ जाणकाराकडून तपासणी व्हावी. ज्याने बांधले त्यानेच तपासायचे, हे चालणार नाही.

दोन, कोणती प्रणाली, कोणती आवृत्ती, शेवटची दुरुस्ती कधी केली, याची एक साधी नोंदवही कार्यालयात असावी आणि ती दर महिन्याला कार्यकारी संचालकांपुढे यावी. ठेकेदाराच्या करारात दुरुस्तीची मुदत तासांत लिहावी.

तीन, आधी सर्व बंद आणि मग गरजेपुरते उघडे, हा नियम कारखान्याच्या प्रत्येक यंत्राला लागू व्हावा. आणि बिल मागणारा तोच सभासद आहे का, हे प्रत्येक कागदाला नव्याने विचारले जावे, दारात एकदा विचारून सोडून देऊ नये.

चार, जे कागद संकेतस्थळावर लागत नाहीत ते तिथे ठेवूच नयेत. टनेज पाहायला आधार क्रमांक कशाला? खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे दिसले तरी पुरे. घरात नसलेले सोने चोराला नेता येत नाही.

पाच, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. चूक दाखवून देणाऱ्यासाठी एक दार असावे. कोणाला सांगायचे, किती दिवसांत उत्तर मिळेल, हे जाहीर व्हावे. जो प्रामाणिकपणे येऊन सांगतो, ज्याने कागद साठवले नाहीत की कुणाला दाखवले नाहीत, त्याला पोलिसांचा धाक घालू नये. आज त्याला धाक घातला, तर उद्या दुसऱ्या कुणाला खिडकी उघडी दिसेल आणि तो गप्प बसेल. त्यानंतर जो येईल तो सांगायला येणार नाही.

एकाच गोष्टीचा आम्हांस अजून सल आहे. ते सभासद त्या सकाळी आपले काम बुडवून गट कार्यालयात आले होते. त्यांच्या स्वतःच्या बिलात काही चूक नव्हती. आले होते ते दुसऱ्या गावच्या, ओळखदेखही नसलेल्या सभासदाची माहिती उघडी आहे हे सांगायला. एकमेकांचे जपायचे म्हणूनच तर आपण शेअर घेऊन एकत्र आलो. त्या बापलेकांना कारखान्याने अजून धन्यवादाचा एक शब्दही दिलेला नाही.

सभेच्या दिवशी व्यासपीठावर पाहुण्यांसाठी नारळ आणि टॉवेल येतीलच. त्यांतला एक त्या पोरासाठी बाजूला ठेवावा, एवढी आमची संचालक मंडळास विनंती आहे.